मोजायला निघण्याआधी: खानदेशात पहिलंच संशोधन हाती घेणाऱ्यांसाठी

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मला विहिरींचा प्रकल्प मिळाला. मी भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी, घर चोपडा तालुक्यात. विहिरी लहानपणापासून पाहिलेल्या आणि मोजमाप तर आमच्या विषयाचा पायाच, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी टेप घेऊन शिवारात गेले. ऑक्टोबर ते मे फिरले, वही भरली. मग मार्गदर्शक सरांनी एकच विचारलं, "मग पाणी किती कमी झालं?" पातळी किती उतरली हे माझ्याकडे होतं. पाणी किती कमी झालं हे त्या वहीत कुठेच नव्हतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे कळायला मला आठ महिने लागले.

त्यानंतर भूगोल, शेती, आरोग्य आणि भाषा या विषयांत काम करणाऱ्या मित्रमैत्रिणींना आकडेमोडीत मदत करत गेले आणि प्रत्येक ठिकाणी अडचण तीच निघाली. आपल्याला जे जाणून घ्यायचं असतं ते सहसा थेट मोजता येत नाही. जे मोजता येतं, तिथून हव्या त्या गोष्टीपर्यंत जाणारी वाट आधी आखावी लागते. त्या आखलेल्या वाटेला मॉडेल म्हणतात. मॉडेल म्हटलं की संगणक आणि लांबलचक समीकरणं डोळ्यांसमोर येतात आणि कला शाखेची मुलं तिथूनच मागे फिरतात. खरं तर पुष्कळदा मॉडेल एका गुणाकारात मावतं. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या महाविद्यालयांत पहिल्यांदाच प्रकल्प घेणाऱ्यांना माझ्यासारखे आठ महिने घालवावे लागू नयेत म्हणून हे क्रमाने लिहिते आहे.

१. प्रश्न एका वाक्यात लिहा, उत्तराचं एककही लिहा

"भूजल पातळीचा अभ्यास", "अहिराणीचं बदलतं स्वरूप", "केळी उत्पादकांच्या समस्या" ही विषयांची नावं झाली. त्यांना उत्तर देता येत नाही. प्रश्न असा लिहा की उत्तरात एक आकडा आणि एक एकक आलंच पाहिजे. आमच्या शिवारात ऑक्टोबर ते मे या काळात जमिनीखालचा साठा दर हेक्टरी किती लिटरने घटला? आमच्या शाळेतल्या सातवीच्या मुलांपैकी शेकडा किती जण आजीशी अहिराणीत बोलतात?

मी आधी "किती पाणी उपसलं" असं लिहिलं होतं. सरांनी ते खोडलं. विहिरीचं पाणी फक्त मोटरीने कमी होत नाही, ते जमिनीखालून नाल्याकडेही सरकतं, आणि पिकाला दिलेल्या पाण्यातलं थोडं मुरून परत येतं. पातळीवरून साठ्यातली घट काढता येते. उपसा हवा असेल तर मोटर किती तास चालली आणि तासाला किती पाणी फेकते हे वेगळं मोजावं लागतं. एक क्रियापद बदललं की पुढचं सगळं काम बदलतं.

त्याच कागदावर खाली लिहा: कोणता आकडा आला तर माझं आजचं मत बदलेल? याचं उत्तर सुचत नसेल तर अजून शेतात जाऊ नका. प्रश्नावरच पुन्हा बसा.

२. मोजता येणारं आणि हवं असलेलं, यांमधली वाट कागदावर काढा

हा सगळ्यांत महत्त्वाचा टप्पा आहे आणि सगळ्यांत जास्त वेळा हाच गाळला जातो, म्हणून विहिरीचंच उदाहरण सविस्तर देते.

समजा, ऑक्टोबर ते मे पातळी ४ मीटर उतरली. जमिनीखाली पाणी हौदात भरावं तसं नसतं. ते खडकाच्या फटींत आणि मातीच्या कणांमधल्या जागेत असतं. पातळी उतरली की तेवढ्या जाडीच्या थरातून प्रत्यक्षात किती पाणी निघतं, या प्रमाणाला भूजल क्षेत्रातले लोक स्पेसिफिक यील्ड म्हणतात. देशभरात भूजलाचा अंदाज ज्या पद्धतीने काढतात, तिच्यात झिजलेल्या बेसॉल्टला हे प्रमाण २ टक्के आणि पोयट्याच्या गाळथराला १० टक्के धरलेलं आहे.

आता आपला खानदेश पाहा. साक्री, पारोळ्याकडे काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. चोपडा, यावल, रावेरला तापीच्या काठाने खोल गाळाचा पट्टा. दोन्हीकडे पातळी सारखीच ४ मीटर उतरली, तर बेसॉल्टमध्ये ४ मीटरचे २ टक्के म्हणजे ८० मिलिमीटर पाणी गेलं, हेक्टरी ८ लाख लिटर. गाळात ४ मीटरचे १० टक्के म्हणजे ४०० मिलिमीटर, हेक्टरी ४० लाख लिटर. टेपवरचा आकडा एकच आणि पाणी पाचपट. माझ्या वहीत दोन्ही प्रकारच्या विहिरी शेजारी-शेजारी लिहिलेल्या होत्या आणि मी त्यांची सरळ सरासरी काढून बसले होते.

या वाटेचा दुसरा फायदा असा की चूक कुठे दडली आहे ते मोजण्याआधीच दिसतं. बेसॉल्टसाठी ते प्रमाण १ टक्का असू शकतं, ३ टक्केही असू शकतं. म्हणजे माझं उत्तर हेक्टरी ४ लाख ते १२ लाख लिटर यांच्या दरम्यान कुठेही. टेपची चूक फार तर दोन सेंटिमीटर, ४ मीटरमध्ये अर्धा टक्का. अशा वेळी महागडं पाणीपातळी यंत्र विकत घेऊन उत्तर जराही सुधारत नाही. तो पैसा आणि वेळ त्या प्रमाणाची खात्री करण्यात घालवावा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची (स्थापना १९७२) जिल्हा कार्यालयं आहेत. त्यांच्या निरीक्षण विहिरींच्या वर्षातून चार वेळच्या, जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळ्यानंतरच्या, नोंदी असतात, आणि तुमच्या भागातला खडक कोणता हे तिथले भूवैज्ञानिक नीट सांगतात. महाविद्यालयाचं पत्र घेऊन जा. मी आठव्या महिन्यात गेले, तुम्ही पहिल्या आठवड्यात जा.

धुळे-नंदुरबारकडे काम असेल तर आणखी एक गोष्ट बघा. तिकडे कठीण दगडाच्या लांबच लांब उभ्या भिंती जमिनीत आहेत. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. भिंतीच्या अलीकडची आणि पलीकडची विहीर शंभर पावलांवर असूनही एकमेकींशी पाण्याने जोडलेली नसू शकते. त्यांना एका गटात टाकण्याआधी नकाशा पाहा.

३. मोजण्याआधी तक्ता काल्पनिक आकड्यांनी भरून बघा

वहीत रकाने आखा, मनाने दहा ओळी भरा आणि त्या आकड्यांवरून प्रश्नाचं उत्तर काढून बघा. हमखास एखादा रकाना कमी निघतो. माझ्या बाबतीत खडकाचा प्रकार आणि कठड्याची उंची हे दोन रकाने नव्हते. हे काम एका संध्याकाळचं आहे. झाल्यावर तो कागद फाडून टाका. काल्पनिक आकडे खऱ्या फाइलच्या जवळपासही राहता कामा नयेत.

४. कागदपत्रं आणि परवानग्या

यांना धरलं त्याच्या दुप्पट वेळ लागतो. प्रश्न पक्का झाला की लगेच कामाला लागा.

- विभागप्रमुखांच्या सही-शिक्क्याचं पत्र, मराठीत. किमान दहा प्रती. इंग्रजी पत्र ग्रामपंचायतीत कोणी वाचत बसत नाही.
- तुमचं ओळखपत्र आणि मार्गदर्शकांचा फोन नंबर.
- ग्रामपंचायतीची संमती. नंदुरबारच्या अक्कलकुवा, धडगावसारख्या अनुसूचित क्षेत्रातल्या गावांत विषय ग्रामसभेसमोर मांडा. तिथे लोक जे प्रश्न विचारतात त्यातून तुमचीच प्रश्नावली सुधारते.
- माणसांची माहिती किंवा रक्ताचा नमुना घेणार असाल तर नैतिकता समितीची लेखी मंजुरी, काम सुरू करण्याआधी. नंतर मिळत नाही.
- संमतीपत्र. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते, आणि कळत्या वयाच्या मुलाचा स्वतःचा होकारही. पत्र मराठीत असलं तरी समोरच्याच्या बोलीत समजावून सांगा. सही घेण्याची घाई करू नका.
- शाळेत जाणार असाल तर शिक्षण खात्याची आणि मुख्याध्यापकांची परवानगी.
- यावल अभयारण्यात किंवा सातपुड्याच्या राखीव जंगलात झाडं मोजायची असतील तर वनविभागाची परवानगी.
- शेताचा गट नंबर. सातबारा ऑनलाइन बघता येतो.

मुलींसाठी एक सांगते. पाड्यावर किंवा मळ्यात एकट्याने पहिली फेरी करू नका. आशाताई किंवा अंगणवाडीताई सोबत असल्या की दार वेगळ्या तऱ्हेने उघडतं, आणि घरातल्या बायका बोलतात.

५. साधनं

यादी छोटीच आहे. ५० मीटरची टेप आणि तिच्या टोकाला बांधायला वजन. घेर मोजायला शिंप्याची टेप. वजनाला ताणकाटा. पेन्सिल, कारण शाई पावसात पसरते. कडक पुठ्ठ्याची वही. जागेची नोंद घेता येणारा मोबाइल. प्रश्नावलीसाठी कोबोटूलबॉक्स, नकाशासाठी क्यूजीआयएस, आकडेमोडीसाठी आर किंवा पायथन. ही सगळी मोफत मिळतात आणि कोबोटूलबॉक्स नेटवर्क नसलं तरी माहिती साठवून ठेवतं. शंभर-दोनशे ओळींचं काम असेल तर साधी स्प्रेडशीट पुरते. सॉफ्टवेअर शिकण्यात पहिला महिना घालवू नका.

६. साधन तपासा, पद्धत तपासा, स्वतःला तपासा

एकच विहीर दोघांनी, एकमेकांना आकडा न सांगता मोजा. केळीचा एकच घड दोनदा तोला. दोन आकड्यांत जो फरक पडतो तेवढी तुमची चूक कायम आहे असं धरा. हा फरक लिहून ठेवला नसेल तर पुढे आलेला बदल खरा की मोजणाऱ्याच्या हाताचा, हे सांगता येणार नाही.

माझी एक विहीर जानेवारी ते मे या काळात बाकीच्यांपेक्षा दोन फूट जास्त उतरली होती. मी तिच्यावर अर्धं पान लिहिलं. शेवटी मळ्याच्या मालकांनाच विचारलं. सगळे त्यांना जिभाऊ म्हणायचे. ते म्हणाले, "बहिन, यंदा कठडा उंच करेल शे ना!" मी टेप कठड्यावरून सोडत होते आणि कठडाच दोन फुटांनी वाढला होता. तेव्हापासून प्रत्येक वेळी कठड्याची जमिनीपासूनची उंची मोजून वजा करते, आणि टेप जिथून सोडायची तिथे तैलरंगाची खूण करते.

विहिरीबाबत दुसरा सापळा मोटरीचा. मोटर चालू असताना किंवा नुकतीच बंद झाल्यावर घेतलेला आकडा त्या विहिरीपुरता, त्या तासापुरता असतो. शेतीची वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. त्या आठवड्याची पाळी विचारून घ्या आणि वीज येण्याच्या आधी जा. पाणी भरून स्थिर झालेलं असतं.

तापमानाचं तर खानदेशात विशेष जपावं लागतं. मे महिन्यात भुसावळला उन्हात धरलेला तापमापक हवेचं तापमान सांगत नाही, तो स्वतः किती तापला ते सांगतो. हवामान खातं तापमापक पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर ठेवतं, म्हणजे ऊन लागत नाही आणि हवा खेळती राहते. पत्र्याच्या घरात किती उकडतं हा प्रश्न असेल तर घरात मोजाच, तो फार गरजेचा प्रश्न आहे. पण तो आकडा हवामान खात्याच्या आकड्याशेजारी ठेवून "विक्रमी तापमान" असं लिहू नका.

पावसाचं माप सोपं आहे. १ मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर, हेक्टरी १०,००० लिटर. नोंद रोज सकाळी साडेआठला घ्यायची, म्हणजे ती सरकारी नोंदीशी ताडून बघता येते. पर्जन्यमापक झाडापासून किंवा भिंतीपासून तिच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर हवा. महसूल मंडळाच्या हवामान केंद्राचा आकडा तुमच्या शिवारात पडलेला पाऊस असेलच असं धरू नका. जूनचा पाऊस बांधाबांधावर वेगळा पडतो.

एकक विचारताना "किती बिघे?" एवढ्यावर थांबू नका. बिघा सगळीकडे सारखा नाही. सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर असतात, ते घ्या. विहिरीची खोली कोणी परस या जुन्या मापात सांगितली तर टेपने पुन्हा मोजा.

७. किती मोजायचं आणि कुठे

चूक दोन प्रकारची असते. एक आकड्यांच्या चढउताराची, ती नमुने वाढवले की कमी होते. पण हळू. ती निम्मी करायला चौपट नमुने लागतात, म्हणून २० विहिरींवरून ४० वर गेल्याने फार साधत नाही. दुसरी चूक एकाच बाजूला कललेली असते, आणि ती हजार नमुन्यांनीही हलत नाही. रस्त्याकडेच्या विहिरीच मोजल्या तर हजार मोजूनही त्या रस्त्याकडेच्याच.

या दुसऱ्या चुकीचा एक सुंदर धडा आपल्या देशातल्या पीक कापणी प्रयोगांत आहे. १९४० च्या दशकात संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस छोट्या तुकड्यांतलं पीक कापून उत्पादनाचा अंदाज काढायचे. साताऱ्याकडचे दुसरे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी दाखवलं की तुकडा फार छोटा घेतला तर उत्पादन फुगून येतं. चौकट टाकल्यावर कडेवरचं रोप आत धरायचं की बाहेर, हे कापणारा ठरवतो, आणि हात नकळत ते आत ओढतो. १ चौरस मीटरच्या तुकड्याला ४ मीटर कड असते. १० बाय ५ मीटरच्या तुकड्याला ५० चौरस मीटरमागे ३० मीटर, म्हणजे दर चौरस मीटरला अवघी ६० सेंटिमीटर. तुकडा मोठा केला की कडेची चूक आपोआप लहान होते.

उपग्रहाच्या चित्रावरून केळीचं क्षेत्र काढणाऱ्या मित्राला हीच गोष्ट निराळ्या रूपात भेटली. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा. एका एकरात असे साधारण ४० ठिपके बसतात, पण कडेचे ठिपके अर्धे आपले आणि अर्धे शेजाऱ्याच्या कपाशीचे. एक-दोन एकरांची शेतं असलेल्या गावात त्याचा अंदाज डळमळीत आला. रावेरकडच्या सलग बागांत तीच पद्धत चांगली चालली. सुखात्म्यांचा कडेचा मुद्दा मी त्याला सांगितला तेव्हा त्याने त्याच रात्री कडेचे ठिपके वगळून पुन्हा हिशेब केला. शाखा ओलांडून काम करण्यातला आनंद मला इथे पहिल्यांदा कळला. पिकातल्या चौकटीची आणि आकाशातल्या कॅमेऱ्याची अडचण एकच होती.

जागा निवडताना चिठ्ठ्या टाका. सोयीची, ओळखीची, गाडी जाते ती, असं करू नका. गाळाचा भाग आणि खडकाचा भाग वेगळे असतील तर दोन डबे करा आणि दोन्हीतून चिठ्ठ्या काढा.

८. जुने आकडे वापरताना नकाशाची तारीख बघा

हा सापळा खास आपल्याकडचा. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता, मग पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले. पूर्वेचा पुढे जळगाव झाला, पश्चिमेचा धुळे. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. धुळे जिल्ह्याची लोकसंख्या, कपाशीचं क्षेत्र किंवा शाळांची संख्या यांचा आलेख काढला की १९९८ नंतर रेष धाडकन खाली येते. मी एका सादरीकरणात त्या उताराची कारणं दुष्काळात शोधलेली ऐकली आहेत. तालुकानिहाय आकडे घ्या, तालुके आजच्या जिल्ह्यांप्रमाणे जुळवा, मगच बेरीज करा.

त्याहून जुन्या कागदांकडे जायचं असेल तर धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आहे. तिथे जाताना मोडी वाचणारं कोणीतरी सोबत घ्या. आणि मण, खंडी, शेर दिसले की लगेच किलोत रूपांतर करू नका. तो कोणत्या ठिकाणचा, कोणत्या मालाचा मण आहे हे आधी शोधा.

९. मॉडेल साधं ठेवा आणि ते कुठवर चालतं ते शोधा

केळीचा घड तोडल्याशिवाय वजन कळत नाही, पण खोडाचा घेर आधीच मोजता येतो. काही झाडांचा घेर आणि नंतर घडाचं वजन मोजून त्यांचं नातं काढायचं, मग नुसत्या घेरावरून वजनाचा अंदाज करायचा. सातपुड्यातल्या जंगलात हेच चालतं. सागाचं झाड न तोडता, १.३७ मीटर उंचीवर घेर मोजून लाकडाचा अंदाज काढतात. गणित तेच.

करताना तीन गोष्टी पाळा. पहिली, सगळी झाडं मॉडेल बसवायला वापरू नका. पाचातलं एक बाजूला ठेवा आणि शेवटी अंदाज त्यावर तपासा. ज्या झाडांवर मॉडेल बसवलं त्यांच्यावर ते छान बसणारच, त्यात काही सिद्ध होत नाही. दुसरी, मॉडेलची तुलना अगदी बाळबोध अंदाजाशी करा. "प्रत्येक घडाचं वजन सरासरीइतकं" एवढ्या अंदाजाने जितकी चूक होते, त्याहून तुमच्या मॉडेलची चूक बरीच कमी नसेल तर घेर मोजण्याचा खटाटोप कशाला? अनुभवी शेतकऱ्याच्या नजरेशीही तुलना करा. जिभाऊंना घड बघून वजन सांगायला लावलं तेव्हा त्यांची नजर आमच्या पहिल्या मॉडेलइतकीच नेमकी ठरली. आम्ही त्यांना विचारलं की बघता काय, तर म्हणाले, फण्या मोजतो. दुसऱ्या मॉडेलमध्ये फण्यांची संख्या आली.

तिसरी गोष्ट सगळ्यांत जास्त चुकते. मृगबागेत (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीत) बसवलेलं मॉडेल कांदेबागेला (पावसाळ्याच्या शेवटी लावलेल्या केळीला) लावू नका, पिलबागेला (जुन्या झाडाच्या पिलापासून वाढवलेल्या केळीला) तर नाहीच. लागवडीचा हंगाम, थंडी, निसवणीची (घड बाहेर पडण्याची) वेळ बदलली की घेर आणि वजन यांचं नातं बदलतं. मॉडेलच्या खाली एक ओळ लिहायची सवय लावा: हे कोणत्या बागेवर, कोणत्या वाणावर, किती ते किती घेरापर्यंत तपासलं आहे.

१०. दुसऱ्याच्या शाखेत जाताना

नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण हा जीवनमरणाचा प्रश्न आहे. तिथे वापरलं जाणारं मॉडेल १९०८ सालचं आहे, हार्डी आणि वाइनबर्ग या दोघांचं, आणि ते अकरावीच्या गणितात बसतं. समजा, एखाद्या समाजात सिकल जनुकाचं प्रमाण १० टक्के आहे. मग एकच जनुक असलेले वाहक २ × ०.१ × ०.९ म्हणजे १८ टक्के, आणि दोन्ही जनुक असलेले रुग्ण ०.१ × ०.१ म्हणजे १ टक्का. शंभरात अठरा वाहक दिसत असतील तर रुग्ण साधारण किती शोधायचे आहेत, याचा अंदाज यातून मिळतो.

पण हे मॉडेल धरून चालतं की लग्नं कोणाशीही जुळतात. जवळच्या नात्यात लग्नं होत असतील तर रुग्ण यापेक्षा जास्त निघतील. मोठ्यांचेच नमुने घेतले तर कमी दिसतील, कारण काही मुलं तेवढी वर्षं जगलेलीच नसतात. मोजमापातही खाच आहे. गावपातळीवर होणारी विद्राव्यता चाचणी वाहक आणि रुग्ण यांच्यात फरक करत नाही, दोघांनाही ती होकारार्थी येते. पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी (रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी) तपासणी झाल्याशिवाय कोणालाही "रुग्ण" लिहू नका. सहा महिन्यांखालच्या बाळांसाठी तर ती पहिली चाचणी भरवशाचीच नाही. हे सगळं मला तालुक्याच्या दवाखान्यातल्या तंत्रज्ञ ताईंनी सांगितलं. गणित येत होतं म्हणून मी एकटीनेच हा हिशेब केला असता तर घराघरांत नसती भीती पसरवली असती. आरोग्याच्या प्रश्नाला डॉक्टर सोबत घेतल्याशिवाय हात लावू नका.

भाषेच्या कामात मोजणारा माणूसच साधन असतो, हे मैत्रिणीने शिकवलं. वर्गात, बाईंसमोर, प्रमाण मराठीत विचारलं, "तू घरी कोणती भाषा बोलतोस?" मुलगा म्हणाला, "मराठी." मधल्या सुट्टीत तोच मुलगा मित्राला हाक मारत होता, "कथा जास रे?" (कुठे जातोस रे?) प्रश्नाची भाषा उत्तराची भाषा ठरवते. तिने मग पद्धत बदलली. प्रश्न अहिराणीतून विचारायचा, घरात कोणाशी काय बोलतोस हे माणसागणिक विचारायचं, आणि काही घरांत परवानगीने संध्याकाळचं बोलणं ऐकून कोणी कोणाला "आंडोर" म्हणतं, कोणी "मुलगा", याची नोंद करायची. तीन पद्धतींनी तीन आकडे आले आणि तिने तिन्ही छापले. जनगणनेत "खानदेशी" वेगळी भाषा म्हणून मोजली जाते, पण घरात अहिराणी बोलणारे कितीतरी लोक प्रगणकाला "मराठी" सांगतात. तो आकडा लोक काय सांगतात याचं मोजमाप आहे, तसाच तो वाचायचा.

आणि लोकांचंही मोजमाप असतं, ते आधी विचारा. पांझरा नदीच्या काठच्या फड पद्धतीत, म्हणजे गावाने मिळून चालवलेल्या जुन्या पाटपाण्याच्या पद्धतीत, पाटकरी शेतांच्या गटांना (फडांना) पाळीपाळीने पाणी देतो. कोणत्या फडाला किती वेळ पाणी लागतं हे त्याला मीटरशिवाय ठाऊक असतं. अशा माणसासोबत एक दिवस पाटाने चाला, प्रश्नावली नंतर काढा.

११. उत्तर लिहिताना आणि गावात परत जाताना

आकडा एकटा लिहू नका, त्याचा पल्ला लिहा. "हेक्टरी ८ लाख लिटर" याऐवजी "हेक्टरी ८ लाख लिटर, ४ ते १२ लाखांच्या दरम्यान, कारण या खडकातून किती टक्के पाणी निघतं ते नक्की माहीत नाही." परीक्षक याला कमकुवतपणा म्हणतील अशी मला भीती होती. तोंडी परीक्षेत सगळ्यांत जास्त वेळ याच ओळीवर चर्चा झाली, आणि चांगली झाली.

गाळलेले आकडे का गाळले ते लिहा. मूळ वही जपा, तिची पानं मोबाइलवर काढून ठेवा, चुकीचा आकडा एका रेघेने खोडा म्हणजे खालचा वाचता येईल.

आणि ज्यांच्या विहिरी मोजल्या त्यांना उत्तर द्यायला जा. नावं आणि गट नंबर काढून, एका मोठ्या कागदावर, मराठीत, लिटरऐवजी त्यांच्या ओळखीच्या मापात: एवढ्या पाण्यात केळीला किती वेळा पाणी देता आलं असतं. मी तो कागद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावला तेव्हा पहिला प्रश्न जिभाऊंनीच विचारला, "मंग गाळनी आनि खडकनी इहीर येगयेगळी धरी का नही?" आमच्या विभागाच्या चर्चासत्रात हे कोणी विचारलं नव्हतं.

सुरुवात कधी करायची म्हणाल तर विहिरींसाठी पावसाळा संपता-संपता, ऑक्टोबरमध्ये. केळीसाठी निसवणीच्या आधी. जंगलात झाडं मोजायला होळीच्या आधी जा, नंतर वणव्यांचे दिवस येतात. शाळेतलं काम दिवाळीच्या सुट्टीनंतर, परीक्षा लागायच्या आत उरका. परवानगीचे अर्ज मात्र जूनमध्येच टाका.